खोटा शेक

१

एखाद्याकडून काही हवं असेल, आणि सगळं खरं सांगितलं तर ते मिळणार नाही अशी भीती वाटत असेल, तर तुम्ही काय करता हो? खोटं बोलता? नाही, आपण साधी माणसं, खोटं नाही बोलत. थोडं कमी सांगतो, एवढंच.

शाल्मलीनेही तेवढंच केलं होतं.

ती यवतमाळच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. किरण दिले की कॅन्सरच्या पेशींमधली जनुकं काय करतात, त्यांतली कोणती जागी होतात आणि कोणती गप्प बसतात, हा तिचा विषय. त्यासाठी जिवंत पेशी लागत. शहराबाहेरच्या कॅन्सर हॉस्पिटलात ज्या बायांच्या छातीतली गाठ काढायची असे, त्यांच्या गाठीचा एक लहानसा तुकडा तिला मिळत असे. नियम असा होता की आधी बाईला नीट समजावून सांगायचं, ती हो म्हणाली तरच तुकडा घ्यायचा. शाल्मली सुरुवातीला नीटच सांगायची. पण 'संशोधन' म्हटलं की बाया नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि नवरा मान हलवायचा. असं काही वेळा झालं आणि ती सांगू लागली, "थोडा तुकडा तपासायला नेते." मग कुणी नाही म्हणत नसे. तपासणी कुणाला नको असते?

इंदुताईंच्या वेळी मात्र तिची जीभ जड झाली. फुलसावंगी हे शाल्मलीचं आजोळ. इंदुताई आजोळच्या शेजारच्या. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाल्मली आजीकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त जेवली होती. वॉर्डात पलंगावर बसलेल्या इंदुताईंनी तिला ओळखलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

"अवं, शाल्मली? तू डाक्टर झाली का?"

"डॉक्टर नाही मावशी, अभ्यास करते अजून. तुमच्या गाठीचा एक तुकडा न्यायचा होता. तपासायला."

"ने ना माय. तू नेशीन तं चांगलंच तपासशीन. सून सही करून देईन." मग तिचा हात धरून त्या म्हणाल्या, "काय निघते ते सांगजो मात्र. दुसऱ्या कोणाले काई इचारायची सोय नाई इथं."

"सांगते," शाल्मली म्हणाली.

सांगण्यासारखं त्यातून काही निघणार नव्हतं. त्या तुकड्यावर इंदुताईंचा उपचार ठरणार नव्हता. तो तिच्या प्रबंधासाठी होता. तिला हे माहीत होतं, आणि तरी तिने मान डोलावली.

२

कामाची एक ठरलेली रीत असते आणि रीत माणसाला फार आधार देते.

सकाळी लॅब उघडायची. इन्क्युबेटरचं दार उघडलं की माणसाच्या अंगाइतकी ऊब चेहऱ्यावर येई. आत फळ्यांवर प्लास्टिकच्या चपट्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या, प्रत्येकीत तळाला थोडं गुलाबी पाणी. त्या पाण्यात पेशींचं अन्न. मायक्रोस्कोपखाली बघितलं की तळाला चिकटलेल्या पेशी दिसत, लांबट, एकमेकींना बिलगलेल्या. एक दिवसाआड पाणी बदलायचं. शेजारच्या टेबलावर काम करणारा साकेत त्याला "बायांचं जेवण" म्हणत असे.

"काय शाल्मली, वाढलं का सगळ्यांना? मंगळवारचा उपास तर नाही ना कुणाचा?"

ती हसायची. बाटल्यांवर नावं नसत, फक्त नंबर. तोही नियमच होता. त्या बाया कोण होत्या, कुठल्या गावच्या होत्या, हे हळूहळू तिच्याही डोक्यातून गेलं. एक ढाणकीची होती असं काहीतरी आठवायचं, एक महागावकडची. इंदुताईंची बाटली तेवढी ती न बघता हातात घेऊ शकत असे.

मंगळवारी आणि शुक्रवारी बाटल्या थर्माकोलच्या डब्यात घालून ती स्कूटीवर हॉस्पिटलात नेई. किरणांचं मशीन दिवसभर रोग्यांसाठी चाले. आपल्याकडे त्याला सगळे 'शेक' म्हणतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं असे, तेवढ्यात तिचं काम. मशीन चालवायला देवसिंग. महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा, पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस.

"आणले का मॅडम, डब्यातले पेशंट?"

"आणले."

"याईचं बरं आहे राजेहो. ना नातेवाईक, ना कटकट."

मशीनची खोली मोठी, थंडगार, खिडकी नसलेली. मधोमध रोग्याला झोपवायचा अरुंद पलंग, त्यावर पांढरी चादर. बाटली त्या पलंगावर ठेवायची. भिंतीतून लाल प्रकाशाच्या रेघा येत, त्या बाटलीवर बरोबर मधोमध पाडायच्या. मग दोघांनी बाहेर यायचं, हातभर जाडीचं दार आपोआप सरकत बंद व्हायचं. बाहेर टेबलावर एक पडदा, त्यात खोलीतला पलंग दिसे. एक माईक आणि एक छोटा स्पीकर, आतल्या रोग्याशी बोलण्यासाठी.

देवसिंगची जीभ सवयीने चालायची. रोग्याला सांगतो तसं त्याने पहिल्याच दिवशी बाटलीलाही सांगितलं होतं, "हालू नका बाई. जशा आहा तशाच राहा. भेव नका." शाल्मली इतकी हसली की मग तो दर वेळी म्हणायला लागला, प्रत्येक बाटलीला.

प्रत्येक बाईच्या पेशींच्या दोन बाटल्या असत. एकीला खरा शेक. दुसरी तशीच न्यायची, त्याच पलंगावर ठेवायची, दार लावायचं, आणि मशीन मात्र सुरू करायचं नाही. हा खोटा शेक. म्हणजे फरक पडला तर तो किरणांमुळेच पडला हे कळतं, प्रवासामुळे किंवा थंडीमुळे नाही. परत आणल्यावर पेशींमधली जनुकं तपासायची. किरणांनी पेशीच्या आतला धागा तुटतो, आणि तुटला की तो सांधणारी काही जनुकं जागी होतात. खऱ्या शेकाच्या बाटलीत ती जागी झालेली दिसायला हवीत. खोट्या शेकाच्या बाटलीत झोपलेली.

३

पहिल्यांदा खोट्या शेकाची रेघ वर चढलेली दिसली तेव्हा शाल्मलीला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या आणि दोन्ही एकीवर एक बसल्या होत्या. ज्या पेशींना किरणांचा स्पर्शही झाला नव्हता, त्यांच्यात सांधणारी जनुकं जागी होती. इंदुताईंच्या बाटलीत तर खऱ्या शेकापेक्षाही जरा जास्त.

तिचे मार्गदर्शक नंदकिशोर सर रागावणारे नव्हते. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. "लेबल चुकलं बेटा. नाहीतर देवसिंगने चुकून बटन दाबलं असेल. परत कर."

तिने परत केलं. बाटल्यांवर दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या. देवसिंगच्या हातांकडे डोळे लावून उभी राहिली. त्याने बटन दाबलं नाही, मशीन गुरगुरलं नाही, वरचा तांबडा दिवा लागला नाही. तरी रेघ चढली. सगळ्याच बायांच्या खोट्या बाटल्यांची चढली.

फक्त एका शुक्रवारी असं झालं नाही. त्या दिवशी देवसिंग लग्नाला गेला होता आणि बदलीवरचा माणूस एक शब्द न बोलता काम करून मोकळा झाला होता. त्या दिवशीच्या खोट्या बाटल्या शांत झोपलेल्या होत्या, जशा असायला हव्यात. म्हणजे देवसिंगच्याच हातून काहीतरी होतंय, असं शाल्मलीने मनाशी धरलं. माणूस बरा आहे पण धांदरट आहे. त्या विचाराने तिला बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी देवसिंग परत आला होता. इंदुताईंची खोट्या शेकाची बाटली पलंगावर ठेवली, दार सरकत बंद झालं, आणि तो माईकचं बटन दाबून नेहमीसारखा म्हणाला, "हालू नका बाई. जशा आहा तशाच राहा."

स्पीकरमध्ये थोडी खरखर झाली. मग आतून कुणीतरी म्हणालं, "बरं."

हळू आवाज होता, समजूतदार. शेक घ्यायला आलेली कुठलीही बाई म्हणते तसा.

देवसिंगने जेवणाच्या डब्यातून काढलेला पोळीचा घास तसाच धरून ठेवला. दोघांनी पडद्याकडे बघितलं. पांढरी चादर, त्यावर बाटली, बाटलीवर लाल रेघ.

"कोण आहे आत?" शाल्मलीने विचारलं.

"कोण राहीन? आपणच तं आलो ना बाहेर."

"वऱ्हांड्यातलं कुणी बोललं असेल. माईक चालू होता."

"हो," देवसिंग म्हणाला. "तसंच असन." त्याने घास डब्यात परत ठेवला आणि डबा बंद केला.

४

त्याच आठवड्यात दीपाचा फोन आला. दीपा म्हणजे इंदुताईंची सून. तिने आधी शाल्मलीच्या आईची चौकशी केली, मग उन्हाची.

"शाल्मलीताई, एक इचारायचं होतं. आपरेशन झाल्यावर असं होते का, की माणूस दुपारी अजिबात हालत नाई?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाहा, सकाळी चांगल्या राहतात. भाजी निवडतात, मले दोन टोमणे मारतात, सगळं बराबर. अन् दुपारी जेवायच्या वक्ताले एकदम बाजेवर आडव्या होतात. सरळ, पाठीवर. हात अंगासंगं. डोये उघडे. हाक मारली तं ओ देत नाई. माशी बसली तोंडावर तं हाकलत नाई बाई. मले तं भेव लागते."

"अशक्तपणा असेल वहिनी. मोठं ऑपरेशन आहे ते."

"रोज नाई होत ना पण. मंगळवारी होते अन् शुक्रवारी होते. मी म्हटलं देवादिकाचं काई आहे का, पण आत्याबाईचा तं काई उपास नाई. मंधात एक शुक्रवार चांगला गेला. हरभरा निवडत बसल्या होत्या, हसत होत्या."

शाल्मली लॅबच्या खिडकीपाशी उभी होती. खाली सायकल स्टँडवर साकेत कुणाशी तरी हसत बोलत होता. ती त्याच्या हलणाऱ्या हातांकडे बघत राहिली.

"कोणता शुक्रवार?"

दीपाने सांगितलं. देवसिंग लग्नाला गेला होता तोच.

"तुम्ही विचारलं का त्यांना, असं काहून करता म्हणून?"

"इचारलं ना. म्हणतात, हालू नका म्हटलं त्याईनं. कोण म्हटलं, तं म्हणतात, मशीनवाला."

इंदुताईंना शेक दिलाच नव्हता. गाठ लहान होती, वेळेवर निघाली, शेकाची गरज नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्या मशीनच्या खोलीत इंदुताई कधी गेल्याच नव्हत्या.

५

रविवारी ती फुलसावंगीला गेली. जाताना बसमध्ये तिने ठरवलं होतं की सगळं सांगायचं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. मावशी, मी तुम्हाला तपासणी म्हणाले ते खरं नव्हतं. तुमचा तुकडा माझ्या अभ्यासासाठी होता. त्यातून वाढवलेल्या पेशी अजून जिवंत आहेत, आणि मी त्यांना आठवड्यातून दोनदा शेक देते.

घराच्या अंगणात तुराट्यांच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. इंदुताई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. वाळल्या होत्या, पण आवाज तोच.

"आली का? आता तुले टाइम भेटला. दीपा, पोरीले आधी जेवू घाल, मंग बोलू दे."

वांग्याची भाजी आणि भाकर पुढे आली. शाल्मलीने दोन घास खाल्ले. दीपा आत गेली तशी इंदुताईंनी विचारलं, "काय निघालं माह्या तपासणीत?"

"अजून चालू आहे, मावशी."

हे वाक्य तिने जुळवलेलं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं.

"म्हणूनच म्हटलं. इतक्या खेपा झाल्या म्हणजे काई तं असनच." त्या लसणाची पाकळी नखाने सोलत राहिल्या. "तेथी थंडी लय असते बाप्पा. अंगावर चादरही टाकत नाई कोणी. अन् ते लाल रेघ पडते ना छातीवर, तिच्याकडे पाहावं की न पाहावं, समजत नाई."

वॉर्डातल्या दुसऱ्या कुणी बाईने सांगितलं असेल, शाल्मलीने स्वतःला सांगितलं. शेक घेतलेल्या बाया तिथे होत्याच. ऐकलेलं मनात राहतं, आजारपणात माणसाला तेच स्वप्नात दिसतं.

"मले एक दाखवायचं होतं तुले," इंदुताई म्हणाल्या आणि पदर बाजूला करून ब्लाऊज थोडं सरकवलं. ऑपरेशनच्या खुणेखाली कातडी काळपट लाल झाली होती, उन्हात करपल्यासारखी. डाग चौकोनी होता. कडा अगदी सरळ, फूटपट्टी ठेवून आखाव्यात तशा.

"ड्रेसिंगची चिकटपट्टी लावली होती ना, त्याने होतं असं कधी कधी," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. मशीनचा प्रकाश बाटलीवर पडतो तेव्हा तो चौकोनी पडतो. ती दर आठवड्याला तो बघत होती.

"असन. तू सांगतं म्हणजे असनच." इंदुताईंनी पदर नीट केला. "आखीन किती खेपा राहिल्या?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथे, भाकरीच्या ताटासमोर. दीपा आत भांडी घासत होती, दुसरं कुणी नव्हतं.

"एकच," शाल्मली म्हणाली.

निघताना इंदुताईंनी तिची ओटी भरली. गहू, खोबऱ्याची वाटी, ब्लाऊजपीस. लेकीबाळीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणाल्या. बसमध्ये ओटीचे ते गहू मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि खिडकीतून बाहेर बघत होती, कारण शेजारच्या बाईला तिचे डोळे दिसायला नको होते.

६

नंदकिशोर सर म्हणाले, "मंगळवारचा शेवटचा डोस झाला की लिहायला बस. खोट्या शेकाचं मी बघतो, तळटिपेत टाकू काहीतरी. तीन वर्षं झाली बेटा, घरचेही वाट बघतात तुझी."

शाल्मलीने विचार केला आणि विचार करून तिने एक पळवाट काढली. शब्द बोलायचेच नाहीत. देवसिंग बोलला नव्हता त्या दिवशी काही झालं नव्हतं. तेव्हा शेवटच्या वेळी कुणीच काही बोलायचं नाही, बाटल्यांना डोस द्यायचा आणि प्रकरण संपवायचं. इंदुताईंना कळणारही नाही. खात्री म्हणून तिने दीपाला सांगून ठेवलं की मंगळवारी दुपारी त्यांना अंगणात बसवून ठेवा, गप्पा मारा, आडवं होऊ देऊ नका.

त्या मंगळवारी देवसिंगला काही समजावावं लागलं नाही. माईकपासून तो लांब बसला होता.

"मी काई बोलत नाई, मॅडम. तुमचं तुम्ही पाहा. मी फक्त बटन दाबतो."

"आज कुणीच बोलायचं नाही."

"कायले?"

"असंच."

 सकाळचा शेवटचा रोगी नुकताच गेला होता. एक म्हातारी बाई, तिची सून तिला धरून नेत होती. तिला निरोप देताना देवसिंग म्हणाला होता, "झालं बरं आई. उठा आता, सावकाश." तो सगळ्यांनाच तसं म्हणतो.

इंदुताईंची बाटली शाल्मलीने स्वतः आत नेली. पलंगावर ठेवली. लाल रेघा जुळवल्या. खोलीत फक्त हवेच्या यंत्राची घरघर होती. बाहेर येताना तिला उगाच वाटलं की चादर मघापेक्षा जास्त चुरगळलेली आहे. मघाच्या म्हातारीमुळे, तिने स्वतःला सांगितलं. दार सरकू लागलं. पूर्ण बंद झालं.

त्याच वेळी तिच्या हातातला फोन वाजला.

"ताई, मी बसवलं होतं त्याईले," दीपा धापा टाकत होती. "अंगणात. गोष्टी सांगून राह्यल्या होत्या. बोलता बोलता उठल्या अन् आत जाऊन बाजेवर निजल्या. मी हात धरला तं हात असा गार, ताई. माह्याकडे पाहून राह्यल्या, पण मले पाहत नाई."

"इथे कुणी काही बोललं नाही, वहिनी," शाल्मली म्हणाली. दीपाला त्यातलं काही समजलं नसेल.

टेबलावरच्या स्पीकरमध्ये खरखर झाली.

"निजली मी," आतून इंदुताई म्हणाल्या. "एकच खेप राहिली ना? करा चालू."

देवसिंग खुर्ची मागे ढकलून उठला, भिंतीला जाऊन टेकला. त्याच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज नव्हता. शाल्मली पडद्याकडे बघत होती. बाटली जागेवर होती. पण तिच्या खालची चादर मधोमध दबलेली होती, जशी माणूस निजल्यावर दबते, आणि लाल रेघ सरळ नव्हती. रेघ वळणावरून गेली होती, वर, मग खाली. कशावरून तरी गेली होती. ती वर-खाली होत होती, संथ, श्वासासारखी.

बटन दाबायचं राहिलं. आता सांगण्यासारखं काय उरलं होतं? जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली होती कुणास ठाऊक. आणि मग, तिच्या ध्यानात एक गोष्ट आली, अगदी साधी. देवसिंग प्रत्येक बाटलीला 'हालू नका' म्हणाला होता. बाटली उचलून डब्यात घालतात. बाटलीला 'उठा' कोण म्हणतं?

तिने माईकचं बटन दाबलं.

"मावशी, मी शाल्मली." आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मावशी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तपासणी नव्हती ती. माझ्या अभ्यासासाठी घेतला होता तुमचा तुकडा. तुमचं त्यात काही निघणार नव्हतं. रविवारी आले होते तेव्हा सांगणार होते, नाही सांगितलं. भाकर खाल्ली तुमची आणि नाही सांगितलं." तिने श्वास घेतला. "झालं, मावशी. संपलं. उठा आता. सावकाश उठा, घरी जा."



मग पडद्यावर, चादरीच्या कडेला, काहीतरी हललं. कुणी निजलेलं माणूस आधी कुशीवर होतं, हाताचा आधार घेतं आणि पाय खाली सोडून जरा बसून राहतं, तेवढा वेळ चादर ताणलेली राहिली. पाठ होती कॅमेऱ्याकडे. एक अंबाडा, मानेवरचे बारीक केस. मग चादर सैल पडली आणि लाल रेघ सरळ झाली.

देवसिंगने डोळे मिटले होते. त्याने काही बघितलं नाही असं तो नंतर म्हणाला, आणि शाल्मलीने त्याला पुन्हा विचारलं नाही.

फोन अजून चालू होता. त्यातून दीपाचा आवाज येत होता, लहान, लांबचा. "उठल्या, ताई. उठून बसल्या. पाणी मागून राह्यल्या."

७

मशीन चालवलंच नाही. बाटल्या डब्यात घालून ती लॅबमध्ये परत आली, त्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, दार लावलं. साकेतने विचारलं, "झाला का शेवटचा?" ती हो म्हणाली. त्या दिवसातलं ते शेवटचं खोटं. सरांना उद्या सांगू असं तिने ठरवलं. जे होईल ते होईल. प्रबंध नाही झाला तर नाही झाला.

संध्याकाळी दीपाचा परत फोन आला. आत्याबाई ठीक आहेत, जेवल्या, डागाची आग कमी झाली म्हणतात. "पण पिशवी भरून राह्यल्या. म्हणतात, सकाळच्या गाडीनं यवतमाळले जायचं. कायले, तं सांगत नाई."

"येऊ द्या," शाल्मली म्हणाली.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायला आली तेव्हा इंदुताई दारापाशी पायरीवर बसल्या होत्या. शेजारी दीपा, डोळ्यांत झोप भरलेली. शाल्मली त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिला पाया पडावं की काय करावं कळेना.

"मले ऐकू आलं," इंदुताई म्हणाल्या. "सगळं ऐकू आलं."

"मावशी—"

"तू इचारलं असतं तं मी देलं असतं, पोरी. ते गाठ माह्या काय कामाची होती? पण तू इचारलंच नाई." त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शाल्मलीला वाटलं. "ते जाऊ दे. मी त्याच्यासाठी नाई आली. तू मले उठ म्हटलं, मी उठली. पण त्या बाकीच्या बाया?"

"कोणत्या बाया?"

"तेथी निजल्या आहेत त्या. माह्या आजूबाजूले. त्याईले कोणी उठ म्हटलं नाई. मी निघाली तं एकीनं माह्या पदराले धरलं होतं."

शाल्मली पायरी चढून दारापाशी गेली. तिने कुलूप काढलं. इन्क्युबेटरचं दार उघडलं, आणि ती अंगाची ऊब तिघींच्या चेहऱ्यावर आली. फळ्यांवर बाटल्या आडव्या, ओळीने.

"हिचं नाव काय?" इंदुताईंनी पहिलीकडे बोट केलं.

"माहीत नाही, मावशी. आम्ही नाव लिहीत नाही. नंबर लिहितो."

इंदुताईंनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग पदर खोचून, ऑपरेशनची बाजू सांभाळत त्या खाली वाकल्या. दीपाने त्यांना धरायला हात पुढे केला, तो त्यांनी दूर सारला. बाटलीच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोण्या गावची वं तू, बाई?"

आणि थांबल्या. समोरच्या माणसाला आठवून सांगायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या थांबल्या.

"ढाणकीची आहे ही," त्या शाल्मलीला म्हणाल्या, आणि पुढच्या बाटलीकडे वळल्या.